न मारलेले शॉट

प्रभावांक एक्केचाळीस. उत्तीर्ण व्हायला साठ लागत होते.

उज्ज्वला मगदूमनं आकडा तीनदा वाचला आणि फोन टेबलावर पालथा घातला. प्रमाणन मंडळाच्या पत्रात आकड्याखाली आणखी दोनच वाक्यं होती. तीस दिवसांच्या आत फेरचाचणी देता येईल. तीतही साठच्या खाली राहिल्यास परवाना रद्द होऊन संबंधित व्यक्तीस कोणत्याही मान्यताप्राप्त रेंजवर नेमबाजाच्या मागे उभे राहता येणार नाही.

बावीस वर्षं ती नेमबाजांच्या मागंच उभी होती. जयसिंगपुरातल्या एका जुन्या तंबाखूच्या गोदामात तिनं ही दहा मीटरची रेंज सुरू केली, तेव्हा भिंतींना इतका वास होता की नवी पोरं पहिले आठ दिवस नुसती शिंकायची. या गोदामातून एक राष्ट्रीय विजेता, सात राज्य विजेते आणि सैन्यात, पोलिसात गेलेली तीसेक मुलं बाहेर पडली होती. मंडळाच्या अर्जात हे लिहायला रकाना नव्हता.

पत्रासोबतच्या तक्त्यात कारण दिलं होतं. 'वाया गेलेले सज्जक्षण : ५९.' म्हणजे चाचणीच्या सव्वा तासात तिच्या शिष्येनं, अल्फियानं, एकोणसाठ वेळा रायफल उतरवली होती.

अल्फिया मुजावर आत्ता समोरच, चार नंबरच्या लेनवर उभी होती. वय एकोणीस. वडील कुरुंदवाड डेपोत एसटी चालवत. सहा वर्षांपूर्वी ती शाळेच्या सहलीबरोबर रेंज बघायला आली आणि सहल निघून गेली तरी दाराशी उभी राहिली. आता भारतीय संघाची निवड चाचणी चाळीस दिवसांवर होती आणि राज्यातून जे तिघे जाणार होते, त्यांत ती पहिली होती.

एअर रायफलच्या स्पर्धेत साठ शॉट असतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा पॉइंट नऊ; वरच्या पातळीवर दहाच्या खालचा शॉट खराबच धरतात. रायफल उचलायची, गाल टेकवायचा, श्वास अर्धा सोडून धरायचा, नेम स्थिरावू द्यायचा आणि ट्रिगर दाबायचा. किंवा दाबायचा नाही. काही खटकलं, तर रायफल उतरवून स्टँडवर ठेवायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. नेमबाज याला शॉट कॅन्सल करणं म्हणतात. उज्ज्वला नव्या पोरांना सहा महिने तेवढंच शिकवायची. छर्रा न भरता उचल, उतरव, उचल, उतरव. पोरगं नेमबाजीला घातलंय की वजन उचलायला, असं एका बापानं तिला तोंडावर विचारलं होतं. सहा महिन्यांनी मात्र पोराच्या अंगात एक गोष्ट मुरायची. चुकणारा शॉट सुटायच्या आधी त्याला कळायचा, आणि का कळला हे त्याला सांगता यायचं नाही.

मंडळाला नेमकं हेच खुपत होतं.

२०३५ साली मंडळानं सज्जमापक आणला. त्यामागचं विज्ञान खोटं नव्हतं, हे उज्ज्वला कुणापाशीही कबूल करायची. चांगला शॉट सुटायच्या आधीचे दोन-तीन सेकंद नेमबाजाच्या डोक्यातली बडबड थांबते. मेंदूचा जो भाग शब्द जुळवतो, तो शांत होतो, नाडी मंदावते, नळीचं थरथरणं एका ठरावीक लयीत येतं. डोक्यावर पातळ जाळीची टोपी, मनगटावर पट्टा आणि नळीवर एक बोटभर संवेदक लावला की यंत्राला हे सगळं दिसतं. जुळणी पूर्ण झाली की हिरवा दिवा लागतो. हाच सज्जक्षण. दिवा नेमबाजाच्या डाव्या हाताला, कडेच्या नजरेला दिसेल असा ठेवलेला असतो.

इथवर ठीक होतं. नवशिक्यांना त्याचा फायदाच झाला. दहा-दहा सेकंद घुटमळणारी पोरं दिवा लागताच मारायला शिकली आणि राज्याची सरासरी वर गेली. मग मंडळानं हेच माप प्रशिक्षकांना लावलं. पोराच्या डोक्यात प्रशिक्षकानं जे घातलं, ते चाचणीत आपोआप दिसेल, असं तत्त्व होतं. म्हणून प्रशिक्षकाच्या परीक्षेत प्रशिक्षकानं तोंड उघडायचं नाही. मागं खुर्चीवर बसायचं. शिष्यानं साठ शॉट मारायचे. शंभरातून सुरुवात, आणि हिरवा दिवा लागूनही रायफल उतरवली की दर वेळी एक गुण वजा. मंडळाच्या पुस्तिकेत त्याला 'प्रशिक्षकाकडून संक्रमित झालेली भीती' असं नाव होतं.

पहिल्या वर्षी या परीक्षेसाठी उज्ज्वलाचा नंबर लागला नव्हता, तेव्हा ती या वाक्यावर हसली होती.

इचलकरंजीच्या पाटोळेला चौऱ्याण्णव मिळाले होते. त्याची पोरं लाह्या फुटाव्यात तशी मारायची.

---

पुण्यात मंडळाचं कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. मुख्य मूल्यमापक कौस्तुभ शेडबाळे तिला बघून खुर्चीतून उठला आणि नमस्काराला वाकला. अकराव्या वर्षी तो गोदामात आला होता. गोदामातून निघालेला एकमेव राष्ट्रीय विजेता तोच.

"राहू दे ते," उज्ज्वला म्हणाली. "बस."

तिनं आडवळण घेतलं नाही. यंत्राला चांगला शॉट म्हणजे काय हे कुणी शिकवलं, एवढंच विचारलं. कौस्तुभनं नीट समजावून सांगितलं. समजावून सांगण्यात तो पहिल्यापासून हुशार होता. देशातल्या अकरा विजेत्यांनी दोन वर्षं टोपी घालून सराव केला. चार लाख बारा हजार शॉट. प्रत्येक शॉटच्या आधीचे संकेत आणि प्रत्येक शॉटचा स्कोअर यंत्राला दिला. कुठल्या संकेतांनंतर दहाच्या वर स्कोअर येतो, हे यंत्रानं स्वतःच हुडकलं. अकरा जणांत तोही होता, हे सांगताना त्याची मान थोडी ताठ झाली.

"आणि उतरवलेले?"

"ते कसे घेणार मॅडम? त्यांना स्कोअर नसतो. निकाल नसलेल्या नोंदी म्हणून काढून टाकल्या."

"किती होत्या?"

कौस्तुभनं समोरच्या पडद्याकडं बघितलं. पडदा बंद होता. "मोजल्या नाहीत," तो म्हणाला, आणि मग, "माझ्या एकट्याच्याच पन्नास हजार असतील."

उज्ज्वलाची आई जयसिंगपुरातल्या त्याच गोदामात तंबाखूची पानं निवडायला जायची. नव्या बाईला कामावर घेतलं की मुकादमीण तिला चांगल्या पानांजवळ बसवत नसे. आधी टाकाऊ ढिगापाशी बसवायची, चार दिवस. टाकलेलं पान बघितल्याशिवाय निवडलेलं पान कळत नाही, हे न शिकलेल्या मुकादमिणीला ठाऊक होतं. इथं शिकलेल्या माणसांनी टाकाऊ ढीग आधी जाळला आणि मग यंत्राला निवड शिकवली. विजेत्यांनी जे शॉट मारले, तेवढेच यंत्रानं बघितले. जे त्यांनी नाकारले, ते डोक्यातून अगदी तसेच दिसत असतील, शेवटच्या अर्ध्या सेकंदात कुठंतरी काहीतरी वेगळं होत असेल, पण ते यंत्राच्या नजरेस कधी पडलंच नाही. त्यामुळं तसं दिसेल त्या प्रत्येक क्षणाला ते हिरवा दिवा लावत होतं. आणि त्या दिव्याला नाही म्हणणाऱ्या पोरीला भित्री ठरवत होतं.

"तुला हे ठाऊक होतं," ती म्हणाली.

"सरासरी वाढलीय मॅडम. आकडे दाखवतो."

"घुटमळणाऱ्यांची वाढली असेल. वरच्यांचं काय?"

वरची वीस-पंचवीसच पोरं असतात, कौस्तुभ म्हणाला, आणि नियम हजारोंसाठी करावा लागतो. मग आवाज खाली आणून त्यानं कामाची गोष्ट सांगितली. साठ मिळवायला चाळीस उतरवणी चालतात. अल्फियाच्या एकोणसाठ होत्या. म्हणजे फेरचाचणीत फक्त एकोणीस कमी करायच्या. एका दिवसापुरत्या. सगळे प्रशिक्षक तेच करतात.

"कुठल्या एकोणीस?"

ज्याला पन्नास हजार वेळा रायफल उतरवायची अक्कल होती, त्याला या प्रश्नाला उत्तर नसतं हे कळत होतं.

यंत्र चुकतंय हे सिद्ध करायचा एक मार्ग होता, आणि तोही त्यानंच सांगितला. नेमबाजाच्या पायाच्या अंगठ्याखाली एक बटण ठेवायचं. जिथं उतरवावीशी वाटेल तिथं ते दाबायचं, पण रायफल उतरवायची नाही, शॉट मारायचा. असे तीनशे शॉट झाले, की नाकारलेल्या शॉटलाही स्कोअर मिळेल. ते खरोखर खराब निघाले तर मंडळाला ऐकावं लागेल. पण त्यासाठी उतरवण्याची सवय पक्की असलेला नेमबाज हवा. त्यानं नाव घेतलं नाही.

"सहा वर्षांत जे तिच्या अंगात मुरवलं, ते तीनशे शॉटमध्ये उपटून काढू? निवड चाचणीच्या तोंडावर?" उज्ज्वलाचा आवाज चढला नव्हता. तो चढला नाही की पोरं घाबरायची, हे कौस्तुभला माहीत होतं. "तू मार की. तू विजेता आहेस."

त्यानं मान हलवली. चार वर्षांत त्यानं रायफल धरली नव्हती. शेवटची दोन वर्षं दिव्यावरच मारली होती. आता उतरवावीशी वाटत नाही, असं तो म्हणाला, आणि हे त्यानं एखाद्यानं चष्म्याचा नंबर बदलला म्हणून सांगावं तशा सुरात सांगितलं.

"त्या नोंदी काढून टाकायच्या कागदावर तुझी सही आहे?"

"अकराही जणांची आहे."

"दहा जणांचं मी विचारलं नाही," उज्ज्वला म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

---

परत येऊन तिनं मंडळाला चार पानी पत्र लिहिलं. एकही विशेषण न वापरता, मुद्द्यांना आकडे देऊन. आठवड्यानं उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाची नोंद घेण्यात आली आहे.'

रेंजवर कुणाला काही सांगायची गरज पडली नाही. एक्केचाळीस हा आकडा पोरांना तिच्याआधी कळला होता. तीन पालकांनी पुढच्या महिन्यापासून पोरं इचलकरंजीला नेतो म्हणून सांगितलं. अल्फियाचे वडील गणवेशातच येऊन गेले. बोलता बोलता त्यांनी टोपी काढून हातात धरली. निवड चाचणीच्या अर्जावर प्रशिक्षकाचा परवाना क्रमांक लागतो, पाटोळे सर आपला घाला म्हणतात, पण पोरगी ऐकत नाही, तुम्हीच सांगा, असं त्यांचं म्हणणं. उज्ज्वलानं सांगितलंही. अल्फियानं ऐकून घेतलं आणि रायफल पुसत राहिली.

सगळे गेल्यावर अल्फिया टेबलापाशी आली.

"मॅडम, एक दिवस हिरव्यावर मारते की. दुसऱ्या दिवसापासून परत आपलं सुरू."

"नाही."

"एक दिवसानं काय होतंय? तुम्हीच म्हणता, माझी मान म्हशीसारखी आहे, कुणी वळवू शकत नाही."

"मान म्हशीची आहे. सवय काचेची आहे." उज्ज्वलानं वही मिटली. "दहा वेळा अंगानं नको म्हटलं आणि तू मारलंस, तर अकराव्या वेळी अंग सांगणार नाही. ऐकायला कुणी नसलं की अंग बोलायचं बंद होतं. आणि परत एक. माझ्या परवान्याची काळजी तू करायची नाही. त्यासाठी मी जिवंत आहे."

अल्फिया बरं म्हणाली. इतक्या पटकन ती कधी बरं म्हणत नसे. उज्ज्वलाच्या तेव्हा ते ध्यानात यायला हवं होतं. पण त्या दिवसांत ती इतकी संतापलेली असायची की पत्रातले मुद्देच मनात घोळवत घरी जायची आणि तेच घोळवत परत यायची. रोज पोरांच्या पाठी वाचणाऱ्या बाईनं त्या आठवड्यात पोरीचा चेहरा वाचला नाही.

---

फेरचाचणीला कौस्तुभ स्वतः आला. सकाळी अकराला पेटी उघडली, टोपी, पट्टा, संवेदक लावून झाले. उज्ज्वलाला खुर्ची दिली गेली. नियम वाचून दाखवण्यात आले. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आवाज काढल्यास चाचणी तिथंच संपून प्रभावांक शून्य धरला जाईल. वही-पेन्सिल चालते का, असं तिनं विचारलं. पुस्तिकेत मनाई नव्हती.

नेमबाजाच्या मागं उभी राहणारी माणसं दोन जातींची असतात. एक स्कोअर बघणारी, दुसरी पाठ बघणारी. उज्ज्वला दुसऱ्या जातीची. लक्ष्याकडं ती बघतच नसे. तिची नजर असायची डाव्या टाचेवर. अल्फियाला शॉट नको असला की रायफल हलायच्या आधी तिच्या डाव्या टाचेवर भार यायचा, जाड तळव्याचा बूट किंचित दबायचा, आणि मग रायफल खाली यायची. यंत्राचा एकही संवेदक पायात नव्हता.

पहिला शॉट. दुसरा. तिसऱ्याला टाच दबली. उज्ज्वलानं रायफल खाली यायची वाट पाहिली आणि शॉट सुटला.

तिनं वहीत एक उभी रेघ मारली. होतं कधीकधी.

सहाव्याला टाच दबली. दिवा हिरवा. शॉट सुटला. नवव्याला तेच. यानंतर टाच दबताच, शॉट सुटायच्या आधीच, ती रेघ मारू लागली. बाराव्याला टाच इतकी जोरात दबली की पोटरी थरथरली, अल्फियाचं सगळं अंग खाली उतरू बघत होतं आणि ती त्याला वर रेटून धरत होती. हिरवा. शॉट.

मग उज्ज्वलाला कळलं. पोरगी दिव्यावर मारत होती. चुकून नाही, ठरवून.

कौस्तुभच्या पडद्यावर प्रभावांक दिसत होता. शंभर. बारा शॉट आणि अजून शंभर. त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि हलकेच डोळे मिटून उघडले, म्हणजे झालं मॅडम, आता नुसतं बसा.

ती बसली. नंतर स्वतःला तिनं काहीही सांगितलं असतं, तरी खरं हेच होतं की ती बसली. तेरावा, चौदावा, पंधरावा. रेघ. नियम तिला गप्प बसवत होता, आणि नियमाच्या आड बसायला किती सोयीचं असतं, हे तिला त्या खुर्चीवर कळलं. रेंजवरची तेवीस पोरं, बावीस वर्षं, उद्यापासून कुणाच्याही मागं उभं राहायची बंदी. पोरीनं स्वतःहून केलंय. आपण नाही म्हटलं होतं. सोळा, सतरा. रेघ. एकोणीस. रेघ. अंग अजून विरोध करतंय तोवर काही बिघडलं नाही, असा हिशेब ती करत होती. टाच दबतेय ना, मग ठीक आहे. संध्याकाळी बसून दुरुस्त करू.

बाविसाव्याला टाच अगदी थोडी दबली. तिनं रेघ मारली.

तेविसाव्याला अल्फियाचा उजवा खांदा उतरला. नळी तिरकी झाली होती, गाल नीट टेकलेला नव्हता, हे पाठीवरूनसुद्धा दिसत होतं. असला शॉट ती तेराव्या वर्षीही मारत नसे. उज्ज्वलानं टाचेकडं बघितलं.

टाच हलली नाही.

हिरवा. शॉट. अल्फिया शांतपणे पुढचा छर्रा भरू लागली. तिला काहीही खटकलं नव्हतं.

उज्ज्वला उठली.

"स्टॉप. रायफल खाली."

रेंजवर हा शब्द ऐकला की विचार न करता रायफल स्टँडवर जाते. गेली. कौस्तुभ अर्धवट उठला. "मॅडम, बसा. शंभर आहे. बसा, मी ऐकलं नाही असं धरतो."

"ऐकलंस तू. लिही."

अल्फियानं टोपी ओढून काढली. केस उभे राहिले होते आणि डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. "तुमच्यासाठीच मारत होते. कळत नाही का तुम्हाला? तुम्ही गेल्यावर माझ्यामागं कोण उभं राहणार? पाटोळे सर? ते फोनवर क्रिकेट बघत बसतात."

"तेविसावा शॉट कसा होता?"

"चांगला होता."

"बघ."

अल्फियानं कौस्तुभच्या पडद्याकडं बघितलं. नऊ पॉइंट दोन. सहा महिन्यांत तिला एवढा खाली शॉट पडला नव्हता. ती आकड्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावरचा राग एकदम कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं, ते उज्ज्वलाला बघवलं नाही.

"मला कळलंच नाही," अल्फिया म्हणाली.

"बाराव्यालाच माझ्या लक्षात आलं होतं," उज्ज्वला म्हणाली. "पुढचे अकरा शॉट मी गप्प बसले. ते तुझे नाहीत, माझे आहेत."

मग ती वही घेऊन कौस्तुभपाशी गेली. तिसऱ्यापासून बाविसाव्यापर्यंत आठ रेघा होत्या, प्रत्येकीखाली शॉटचा नंबर. पहिल्या तीन शॉट सुटल्यावर मारलेल्या, बाकीच्या पाच आधी. एकदाही स्कोअर न बघता. तिनं त्याला त्या आठ शॉटचे स्कोअर वाचायला सांगितले. तो हळूहळू वाचत गेला. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट सहा. नऊ पॉइंट नऊ. एक दहा पॉइंट एक निघाला. बाकी सात दहाच्या खाली. रेघ नसलेल्यांत दहाच्या खाली फक्त तेविसावा. आठही वेळा दिवा हिरवा होता.

"तू तीनशे मागितले होतेस. पोरीनं आठ दिलेत. नववा, तो तेविसावा शॉट, तिला कळला नाही. तो मी तुला देत नाही."

"हे पुरावा म्हणून धरता येणार नाही मॅडम. वहीतल्या रेघा आहेत. आणि चाचणी अपूर्ण आहे."

"मी मंडळाला विचारत नाही. पन्नास हजार वेळा तू रायफल उतरवलीस, उतरवायला शिकलास माझ्यासमोर, या लेनवर. या रेघा बरोबर आहेत की चूक?"

कौस्तुभनं वहीतल्या रेघांवरून बोट फिरवलं. "बरोबर आहेत," तो म्हणाला. आणि निकालपत्रात 'प्रशिक्षकाने आवाज केल्यामुळे चाचणी समाप्त, प्रभावांक शून्य' असं लिहून त्यानं सहीसाठी पेन पुढं केला. त्याच पेनानं त्याला दुसरंही काही लिहिता आलं असतं. उज्ज्वलानं क्षणभर वाट पाहिली. मग त्याच्या चेहऱ्याकडं न बघता सही केली.

"माझा परवाना नक्की कधी संपतो?"

"निकाल अपलोड झाला की. त्यानंतर तुम्हाला या रेषेच्या मागं उभं राहता येणार नाही."

"आणि अपलोड कधी करतोस?"

"गाडीत बसल्यावर करतो. पेटीला नेटवर्क गाडीतूनच मिळतं."

"मग गाडीत उशिरा बस," उज्ज्वला म्हणाली. "मला तीन-चार तास लागतील. तेवढं तरी कर."

कौस्तुभ पेटी बंद करून, ती मांडीवर घेऊन भिंतीजवळच्या बाकावर बसला. उज्ज्वलानं परत त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं चार नंबरच्या लेनवरून छर्ऱ्यांची डबी उचलून टेबलाच्या खणात टाकली, दिव्याची वायर ओढून काढली आणि अल्फियाला उभं राहायला सांगितलं.

"उचल."

अल्फियानं रिकामी रायफल उचलली.

"उतरव."

उतरवली. उचल. उतरव. पहिल्या दिवशी शिकवतात तसं. दहा झाले, वीस झाले. अल्फियाची टाच जमिनीवर खिळल्यासारखी होती. तिची रायफल खाली यायची ती मॅडमच्या शब्दावर, तिच्या अंगाच्या सांगण्यावरून नाही, आणि हे दोघींनाही समजत होतं. साठ झाले. दीड वाजला. जॅकेटच्या आत अल्फिया घामानं निथळत होती. ऐंशीला उज्ज्वलानं एक शब्द कमी केला. आता ती फक्त 'उचल' म्हणायची आणि पुढं गप्प राहायची. अल्फिया नेम धरायची, सात-आठ सेकंद थांबायची, रिकामा ट्रिगर दाबायची. टक. परत टक. परत टक. एकदाही टाच हलली नाही. कौस्तुभ बाकावरून उठून गेला नव्हता, एवढंच.

सव्वातीनच्या सुमाराला, कितवी खेप होती ते दोघींनीही मोजलेलं नव्हतं, अल्फियानं रायफल उचलली, गाल टेकवला, श्वास धरला. नळी स्थिर झाली. यंत्र असतं तर दिवा लागला असता. डाव्या बुटाचा तळवा किंचित दबला आणि रायफल खाली आली.

उज्ज्वला पुढं झाली. "का उतरवलीस?"

अल्फियानं विचार केला. "माहीत नाही."

"बरोबर," उज्ज्वला म्हणाली. "परत उचल."